शेवटून पहिले नाना

नाना भित्रे होते. ही त्यांच्या माघारी केलेली निंदा नव्हे. ते स्वतःच येईल त्याला हे सांगत, आणि तेही छाती पुढे काढून. आमच्या हायस्कुलातले कवायतीचे मास्तर, लष्करात उमेदीची वर्षं काढलेले, मिशा कानाला टेकायला आलेल्या, आणि तोंडी वाक्य काय, तर "मी लय भितो." नव्या माणसाला वाटे की हे थट्टा करताहेत. मलाही तसंच वाटलं होतं.

मी सांगलीची. शिक्षिका म्हणून पहिली नोकरी लागली ती कृष्णाकाठच्या एका गावात. तिथे सातारा जिल्हा संपत आलेला असतो आणि सांगली अजून सुरू व्हायची असते. रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत मी वर्गातल्या मुलींना घेऊन नदीवर गेले होते. पाणी संथ होतं. मुली पदर खोचून उतरणार, एवढ्यात मागून आरोळी आली, "थांबा, कुनी उतरू नगा." नाना धापा टाकत आले. त्यांच्या काखेत एक वाळलेला भोपळा होता, आमच्याकडे पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला बांधतात तसला. त्यांनी तो पाण्यात भिरकावला आणि काठावर उकिडवे बसून राहिले. भोपळा सरळ गेला, थोडा रेंगाळला, आणि एका जागी पोचल्यावर गरगर फिरू लागला.

"बघितलं? तितं भवरा हाय. आज हितं न्हाई उतरायचं."

"पण नाना, भोपळा बुडाला कुठं?" मी म्हणाले. नवी होते, शिकलेली होते, तोंड चालायचं.

"भोपळा बुडत न्हाई, बाई. पर आपन भोपळा न्हाई."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जरा निरखून पाहू लागले. बूट घालण्याआधी ते तीनतीनदा आपटत. विजेचं बटण वाळक्या काठीनं दाबत. कठडा नसलेल्या विहिरीजवळून जायचं झालं तर लांबून वळसा घालत. तंबाखू मळणारा ड्रायव्हर दिसला की एस.टी. सोडून देत आणि पुढची गाडी येईपर्यंत स्टँडवर बसून राहत. सायकलची तर तऱ्हाच वेगळी. गावापलीकडे एक खिंड आहे, तिच्यातून रस्ता वर माळावर जातो. सगळं जग ती खिंड चालत चढतं आणि सायकलवर बसून उतरतं. नाना चढ सायकल मारत चढायचे आणि उताराला खाली उतरून, सायकल हातात धरून, बैल आणल्यासारखी तिला घेऊन यायचे. दूध घालणारी पोरं त्यांच्या बाजूनं वाऱ्यासारखी सुसाट जात आणि ओरडत, "नाना, म्हस व्याली का?" नाना चिडत नसत. "चढाला मानूस दमतो," मला म्हणाले, "मरतो उताराला."

एवढी भीती आली कुठून, असं मी एकदा धीर करून विचारलं. त्यांनी वाळवंटातली एक हकिकत सांगितली. उन्हातली लांब चाल होती, सोबतच्या एका गड्यानं ऐटीत आपल्या बाटलीतलं पाणी ओतून दिलं होतं, आणि दुपारी तो रस्त्यात बसला तो उठलाच नाही. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पुढे हेडमास्तरांशी बोलताना कळलं की त्यांना नानांनी मावशीच्या गावच्या विहिरीची गोष्ट सांगितली होती. आणि आमचा शिपाई तुकाराम शपथेवर सांगायचा की नाना मूळचे मेढ्याकडचे, तिकडच्या रानात लहानपणी त्यांच्यामागे अस्वल लागलं होतं. मी नानांना गाठलं. यातलं खरं कोणतं?

"समदंच खरं असंल की," ते शांतपणे म्हणाले. "भ्या एकच असतं, बाई. जागा बदलतीया."

अशा माणसानं ती शर्यत काढावी याचं मला आजही नवल वाटतं. निमित्त झालं चहाच्या टपरीवरचं भांडण. नदीकाठचे कोळी म्हणत, खरा दम पोहणाऱ्याचा. दूधवाले म्हणत, रोज खिंड मारून दाखवा, मग बोला. डोंगरावरचे धनगर नुसते हसत, कारण ते सगळ्यांना पळून मागे टाकत. प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा नाना चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "मग तिन्ही करा की एकाच दिशी." बोलून गेले आणि तिथेच त्यांचा चेहरा उतरला. पण शब्द बाहेर पडला होता. गावानं तो उचलला, आणि चैत्रातल्या जत्रेला तिहेरी शर्यत सुरू झाली. सकाळी नदीत उडी, वरच्या घाटापासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत पोहायचं. मग दुधाच्या किटल्या उतरवून ठेवलेल्या काळ्या, जड सायकलींवर खिंड चढून माळावर जायचं, पार पलीकडच्या गावाच्या वेशीला शिवून परत यायचं. आणि मग नाथाचा डोंगर पळत चढायचा. वर देवळात घंटा वाजवली की शर्यत पुरी झाली.

चैत्रातलं ऊन, उघडा डोंगर, झाड म्हणाल तर अर्ध्या वाटेवर एक वड. पायाखालचा दगड असा तापतो की वहाणेतूनही चटका बसतो.

शर्यतीच्या आठवडाभर आधीपासून नानांना अन्न गोड लागत नसे. जागोजागी पाण्याचे डेरे मांडायचे, त्यात गूळ आणि मीठ घालायचं, प्रत्येक ठिकाणी जबाबदार माणूस बसवायचा, आणि गड्यानं त्या माणसासमोर पाणी पिऊनच पुढे जायचं, असा त्यांचा हुकूम होता. आणि स्वतः नाना? ते शर्यतीत असत. पन्नाशीला आलेला माणूस पाठीला भोपळा बांधून सगळ्यांच्या शेवटी नदीत उतरायचा. सायकलवरही शेवटी आणि डोंगरावरही शेवटीच. कोणी पाय धरून बसला तर त्याच्याजवळ थांबायचे, त्याला उठवायचे आणि पुढे घालायचे. "जा म्होरं. मागं मी हाय." हे वाक्य त्या दिवशी इतक्यांदा कानावर पडे की पोरं त्यांची नक्कल करत. जत्रेत कोणी विचारी, "मास्तरांचा कितवा नंबर?" मग दहा तोंडांतून उत्तर येई, "शेवटून पहिला." नाना मान डोलवून म्हणत, "माझ्या मागं कुनी न्हाई, म्हंजी समदी म्होरं हायती. झालं की माझं काम."

तिसऱ्या वर्षी त्यांनी मला वडाखाली बसवलं. सोबत तुकाराम आणि दोन डेरे. आदल्या संध्याकाळी जागा दाखवायला आले होते, तेव्हा फार अस्वस्थ दिसले.

"बाई, हितं एक जादा करायचं. पानी पिल्यावर गड्याला त्याचं नाव इचारायचं. त्यानं मोठ्यांदा सांगितलं तरच सोडायचं."

"मी सगळ्यांना ओळखते, नाना. माझ्या हाताखालून गेलीत ही मुलं."

"वळखायला न्हाई. तोंडात पानी धरून नाव सांगता येत न्हाई, म्हनून."

मग त्यांनी भीतीचं कारण सांगितलं. नाथाचा एक नेम होता. नवस फेडणाऱ्यानं जत्रेदिवशी नदीत अंघोळ करायची आणि पाण्याचा थेंबही न घेता डोंगर चढायचा. घंटा वाजवून दर्शन झालं की मग पाणी. लोक अंधार असतानाच निघत आणि ऊन पडायच्या आत देवळात पोचत, त्यामुळे आजवर कोणाला काही झालं नव्हतं. "पर एकादा शहाना नवस बी फेडायचा म्हनंल आन शर्यत बी पळायची म्हनंल," नाना म्हणाले. "खाली डेऱ्यावर तोंडात पानी घेऊन म्होरं जाऊन थुकलं, तर कुनाला कळतंय? मला लय भ्या वाटतंय, बाई."

मी हसून म्हणाले, "तुम्हाला कशाचं वाटत नाही?" ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसे गडी यायला लागले. चेहरे लाल, ओठांवर पांढरी साय. नाव सांगायचा हुकूम नानांनी सकाळी घाटावरच सगळ्यांना ऐकवला होता. प्रत्येक जण घटाघटा प्यायचा, नाव ओरडायचा आणि वर जायचा. थोड्या वेळानं वरून घंटा ऐकू यायची. हवा इतकी स्तब्ध होती की तो आवाज अगदी डोक्यावर वाजल्यासारखा वाटे. मग बराच वेळ कोणी आलं नाही, आणि शेवटी खालच्या वळणावर नानांचा पांढरा फेटा दिसला. तुकाराम म्हणाला, "आलं बगा शेवटून पहिलं."

नाना वडाखाली आले आणि मी भांडं पुढे केलं, पण त्यांनी ते घेतलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "कोन कोन गेलं?" मी नावं सांगितली. ते प्रत्येक नावाला मान हलवत होते. मी थांबले तेव्हा मान थांबली.

"आन शिवा?"

शिवा हा गोदाआक्काचा एकुलता एक मुलगा. गोदाआक्का विधवा, जत्रेदिवशी पहाटेच वर देवळात जाऊन बसायची. शिवाची नुकतीच लष्करात भरती झाली होती, आठवड्याभरात जायचा होता. नानांनीच त्याला तयार केला होता.

"शिवा आला नाही," मी म्हणाले.

"पायथ्याला त्यानं माझ्यादेखत सायकल टाकली. माझ्या म्होरं पळाला."

आम्ही तिघंही वाटेकडे बघू लागलो. वाट रिकामी होती. नानांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. इतकी वर्षं "भितो, भितो" म्हणणारा माणूस खरा भ्याला की कसा दिसतो, ते मला त्या क्षणी कळलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला.

"बाई, माझ्या मागं मानूस हाय."

पुढचं त्यांच्या ध्यानात माझ्याआधी आलं. वडाला टाळून वर जाणारी एकच वाट होती, ओघळीच्या पलीकडून जाणारी मेंढरांची. तिथे ना सावली, ना माणूस. आपलं नाव सांगायला लागू नये म्हणून पोरगं तिकडून गेलं होतं. "माझ्याच हुकमानं गेलं," एवढंच नाना म्हणाले आणि ओघळीत उतरले. तुकारामाला वाटेवर ठेवून मी कळशी घेऊन त्यांच्यामागे गेले. करवंदीच्या प्रत्येक जाळीत डोकावताना वाटे, आता दिसेल, आणि त्याच वेळी वाटे, दिसू नये.

शिवा एका जाळीच्या बुडाशी पडला होता. डोळे उघडे. अंगावर घामाचा टिपूस नाही, आणि हात लावला तर तव्यासारखं अंग. तो कुठल्यातरी बैलांशी बोलत होता, त्यांना वळ म्हणून सांगत होता. नानांनी फेटा सोडला, कळशीत बुचकळला आणि त्याच्या डोक्यावर, छातीवर, काखेत पिळला. पुन्हा बुचकळला, पुन्हा पिळला. मी पदरानं वारा घालत होते आणि देवाचं नाव घ्यायलाही घाबरत होते, कारण त्या देवापायीच हे झालं होतं. बऱ्याच वेळानं शिवाची नजर जागेवर आली. त्यानं नानांना ओळखलं. नानांनी ओंजळ ओठांशी नेली, तसे त्यानं दात आवळले.

"पी, लेकरा."

शिवानं मान फिरवली. "आयचा नवस हाय. भरतीचा. फिटला न्हाई तर..." पुढे त्याला बोलवेना. तुटक तुटक कळलं ते एवढंच, की जत्रेदिवशी नदीत अंघोळ तर शर्यतीतच होते, मग एका अंघोळीत दोन्ही कामं उरकतील, असा त्यानं हिशेब केला होता. खालच्या प्रत्येक डेऱ्यावर त्यानं चूळ भरून थुंकली होती.

नानांनी दटावलं, समजावलं, मी रडकुंडीला येऊन विनवलं. दात उघडेनात. पोरगं आमच्यासमोर पुन्हा बैलांकडे जायला लागलं होतं. तेव्हा नाना गुडघ्यावर बसले आणि त्यांनी डोंगराकडे हात केला.

"ऐक, शिवा. नवस बदलीनं फिटतो. आजवर कैकांनी फेडलाय. तुजा मी घेतला. हितनं म्होरं मी कोरडा जातो वर, घंटा वाजवतो. नाथाची आन. आता तुज्यावर काय न्हाई. पी."

शिवा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याचे दात सुटले. पहिला घोट बाहेर आला, दुसरा आत गेला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब थेंब पाजत राहिले.

नाना उठले. तेव्हा मला आठवलं की वडाखालीही ते प्याले नव्हते. पायथ्याशी प्याले असतील तेवढंच. मी आवाज खाली आणून म्हणाले, "नाना, घोटभर घ्या. त्याचे डोळे मिटलेत. कोण बघतंय?"

त्यांनी कळशीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मी लय भ्यालोय, बाई," ते म्हणाले. "असा कवा भ्यालो न्हवतो. पर उद्या ह्यानं इचारलं, नाना खरंच कोरडं गेला व्हता का, तर काय सांगू? म्होरल्या वक्ताला माझ्या शब्दावर पानी पिनार न्हाई त्यो."

आणि ते निघाले. डोकं उघडं, कारण फेटा शिवाच्या छातीवर होता. थोडं वर जाऊन थांबले, वळले, आणि सवयीनं विचारलं, "मागं कुनी न्हाई न्हवं?"

"नाही," मी म्हणाले.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. तुकाराम हाक ऐकून आला, त्यानं आपलं धोतर फाडून सावली केली. शिवा झोपेत कण्हत होता. माझे कान डोंगरावर होते. घंटा वाजत नव्हती. ऊन डोक्यावरून थोडं कललं तरी वाजत नव्हती. मी मनात वाट चढत होते, आता वळणावर असतील, आता पायऱ्यांशी असतील, आणि मनातल्या मनात प्रत्येक वेळी देवळात पोचून परत वडाशी येत होते. तुकाराम एकदा म्हणाला, "बसलं असतील सावलीत." वर सावली नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

मग घंटा वाजली. एकदाच, आणि तीही अर्धवट. तुकारामानं हात जोडले. मी इतकी रडले की शिवा जागा झाला.

वर काय झालं ते गोदाआक्कानं मागाहून सांगितलं. नाना शेवटच्या पायऱ्या रांगत आले. घंटेखाली उभे राहिले, पण हात वर जाईना. काय प्रकार आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं आपली दमलेल्या माणसाची अडचण बघून त्यांचा कोपर धरला आणि हात वर उचलून दिला. घंटा वाजल्यावर ते तिला म्हणाले, "तुजं फिटलं, आक्का. पोरगं पानी पिलंय." मग तिच्या हातचं पाणी प्याले आणि तिथेच आडवे झाले.

दोघांनाही एकाच जीपमधून सांगलीला दवाखान्यात नेलं. शिवा तरणा, चार दिवसांत उठला आणि थोडा उशिरा का होईना, पलटणीत गेला. नाना महिनाभर दवाखान्यातच होते. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी आधी खाटेच्या पायाशी ठेवलेल्या माझ्या वहाणा आपटून बघायला लावल्या. मला हसू आलं, पण बोलताना त्यांना धाप लागत होती. मूत्रपिंडांना मार बसलाय, असं डॉक्टर म्हणाले. ते पुन्हा पळाले नाहीत.

पुढच्या वर्षी शर्यत कोणी काढली नाही. जत्रा मात्र भरली, आणि नवसाची माणसंही आली. पायथ्याशी एका दगडावर नाना काठी घेऊन बसले होते, शेजारी डेरे, आणि गोदाआक्का भांडी भरून देत होती. येणाऱ्या प्रत्येकाला नाना अडवत, नेम असो वा नसो. पहिल्यांदा कुरकुर झाली. मग गुरवानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की नानांच्या हातचं पाणी नेमाला चालतं, नवस मोडत नाही. देवाला हे कोणी विचारलं होतं कोण जाणे. पण तेव्हापासून तो रिवाजच पडला, आणि नानांच्या माघारी गोदाआक्कानं तो चालवला.

माझी बदली झाली होती, सांगलीला जायची होते. त्या जत्रेदिवशी मी मुद्दाम उशिरा गेले. सगळे वर चढून गेले होते. नानांनी भांडं पुढे केलं. मी प्याले.

"नाव सांगा," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी मला बाई याखेरीज काही म्हटलं नव्हतं. मी मोठ्यानं म्हणाले, "सुमन."

"जावा म्होरं. मागं मी हाय."

त्याच हिवाळ्यात ते गेले. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यामुळे माझ्यापुरतं शेवटचं दर्शन तेच. वळणावर पोचल्यावर मी थांबून मागे पाहिलं, म्हटलं, हात हलवावा. नाना माझ्याकडे बघत नव्हते. पाठ डोंगराकडे करून, कपाळाशी आडवा हात धरून, ते गावाकडच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होते. कोणी राहिलंय का ते.